विनु

आमच्या घरी, तेलुगूत, 'विनु' म्हणजे ऐक.
दाराबाहेर मराठीत 'विणू' म्हणजे काय
ते सोलापुरात कुणाला सांगायला नको.
आई मागावर, नान्ना कानांवर.

एकोणचाळीस साली हवालदार जगदाळे आले,
नान्नांच्या संचाला लाखेचं सील ठोकून गेले.
परवाना जप्त. हवेत बोलायचं बंद.
बेचाळीसच्या श्रावणात तेच जगदाळे,
साध्या कपड्यांत, हातात खाकी लखोटा:
"बोलायचं नाही, इराबत्ती. फक्त ऐकायचं.
आणि लिहून द्यायचं."

अंगणात सुताच्या लडी वाळवायची तार होती,
तीच एरियल झाली.
आई म्हणाली, लाल लडी हलवू नका, ओल्या आहेत.
मग रात्रपाळीचा भोंगा विरला की
त्या लाल लडींमधून
कुठल्या तरी समुद्रावरची किरकिर
आमच्या खोलीत उतरायची,
पाच-पाच अक्षरांचे घास करून.

मी अकरा वर्षांची.
इंग्रजीची सव्वीस अक्षरं येत होती, शब्द एकही नाही.
नान्ना म्हणायचे, तूच बरी, तुला अर्थाची हाव नाही.
ते पुटपुटायचे, मी चौकटी भरायची.
दिवसा गिरणीत नक्षीच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडतानाही
पोरांना हेच सांगायचे:
फूल कुठाय विचारू नकोस, भोक मोज.

मामा तेव्हा विसापूरच्या तुरुंगात, झेंड्यापायी.
कुणासाठी ऐकता, असं आईनं कधी विचारलं नाही.
मामाचं पत्र आलं त्या रात्री मात्र
भाकरी इतक्या जोरात थापल्या
की दोन ओळी बुडाल्या.
नान्नांनी तिथे रेघ ओढली. बोलले नाहीत.

त्या आवाजांत एक होता,
'आर' वाजवून किंचित अडखळायचा,
पाय चुकलेल्या विणकरासारखा.
नान्नांनी त्याचं नाव ठेवलं कुंटोडु. लंगडा.
लाट बदलून आला, वेळ बदलून आला,
तरी ते दोन ठोक्यांत ओळखायचे.
"आला का तुमचा कुंटोडु?"
आई विचारायची,
दूर दिलेल्या लेकीच्या नवऱ्याची चौकशी करावी तसं.

गड्ड्याच्या जत्रेत, पाळणे गरगरत होते त्या आठवड्यात,
त्याच वेळेला, त्याच लाटेवर
कुणी वेगळंच वाजवायला लागलं,
स्वच्छ, न अडखळता.
नान्नांनी थोडा वेळ ऐकलं.
"गाठ दुसऱ्याची आहे," म्हणाले.
सगळी पानं लिहून घेतली, मग ताट सरकवलं.
शत्रूचं सुतक किती दिवस पाळायचं
याची आमच्यात रीत नाही.

पंचेचाळीसला दोन ओळींचं पत्र आलं:
यापुढे गरज नाही.
जगदाळे सील फोडायला आले
तर फोडायला काही उरलंच नव्हतं.
सोलापूरचं ऊन. चाळीसच्या मे महिन्यातच
लाख ओघळून फळीवर थिजली होती.
म्हणजे एवढी वर्षं नान्ना बोलू शकले असते.
जगदाळे त्यांच्याकडे बघत राहिले,
नान्ना फळीवरचा डाग नखानं खरवडत राहिले.

एक गोष्ट मी त्यांनाही सांगितली नाही.
एका पहाटे ते पुटपुटत होते आणि माझा डोळा लागला.
जागी झाले तेव्हा पाच चौकटी रिकाम्या,
आणि ते पुढे निघून गेलेले.
मी भरल्या: एन, ए, आर, एस, यू.
नरसू.
लखोटा गेला.

आता माझेच कान गेलेत.
नातसुना जवळ येऊन ओरडतात
आणि मला ओठ तेवढे दिसतात.
अशा वेळी ते पाच चौकोन आठवतात.
कुणी तरी, दिव्याखाली, डोळे ताणून
त्यांत जहाज शोधलं असेल,
बंदर, तारीख, तोफांची संख्या.
पानं उलटून पुन्हा पहिल्यापासून.

तिथे एक पोर झोपली होती, साहेब.